रेफरल म्हणजे नेमकं काय? रेफरन्सच का दुसरं काही?

जिंतूरकर

राम राम मंडळी. एक बारका डाऊट विचारायलोय, हसायचं आसंल तर हसा पण उत्तर द्या. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरला, त्यात एक रकाना होता 'रेफरल' म्हणून आन त्याच्या खाली 'एम्प्लॉयी आयडी'. मला वाटलं रेफरल म्हणजे रेफरन्स, बायोडाटाच्या शेवटी दोन ओळखीच्या माणसांची नावं देतो ना आपण, तेच. म्हणून आमच्या हायस्कूलच्या रिटायर सरांचं नाव टाकलं, आयडी मागायलंय म्हणून सरांना फोन लावला, सर जेवायला बसलेले, ताटावरून उठून त्यांनी जुनी पगाराची स्लिप हुडकली आन शालार्थ आयडी, म्हणजे शाळेच्या पगाराचा नंबर, सांगितला, मी तोच टाकला. आठ दिवसांनी एचआरच्या मॅडमचा फोन, "आपने रेफरल में जिनका नाम दिया है वो तो हमारे यहाँ काम ही नहीं करते." मी म्हणलं मॅडम ते आता कुठंच काम करत नाहीत, रिटायर झालेत. फोन कट.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळायलाय. आज्जीला तालुक्याहून परभणीला 'रेफर' केलं तेव्हा हातात जो कागद दिला त्याच्यावर बी रेफरल. पैशाच्या ॲपमधी रेफरल कोड. मॅच बघताना आमचे काका वरडतेत "अरे रेफरल घे की". डिक्शनरीत बघावं तर संदर्भ, शिफारस, पाठवणे असं तिन्ही दिलंय, म्हणजे काहीच दिलं नाही. एकच शब्द दवाखान्यात, कंपनीत, मैदानात कसा काय? आन मराठीत याला आपण काय म्हणावं?

काळी_माती

रेफरल = रेफरन्स. सेम हाय भाऊ. लै डोकं लावू नको.

जिंतूरकर

सेम आसतं तर मॅडमनं फोन कट केला नसता ना 😅

इंग्रजीवाले सर, अंबाजोगाई

सेम नाही. पण गोंधळ होणं साहजिक आहे कारण दोघांची आई एकच, रेफर हे क्रियापद. लॅटिनमधून आलंय, री म्हणजे परत किंवा मागं, आणि फेर्रे म्हणजे वाहून नेणं. ट्रान्सफर, डिफर, प्रेफर ही सगळी त्याच घरातली भावंडं. म्हणजे मुळात रेफरमध्ये 'नेऊन पोचवणं' आहे, हे ध्यानात ठेवा, मग बाकीचं सोपं जातं.

आता रेफरन्स म्हणजे कुणाचा किंवा कशाचा तरी उल्लेख, हवाला. पुस्तकाचा रेफरन्स, नोकरीसाठी जुन्या साहेबांचा रेफरन्स. त्यात तुम्ही कुठं जात नाही, फक्त नाव घेतलं जातं. रेफरलमध्ये मात्र माणूस किंवा त्याचं काम एकाकडून उचलून दुसऱ्याकडं जातं. अराइव्हचं अरायव्हल, रिफ्यूजचं रिफ्यूजल, तसं रेफरचं रेफरल, शेपूट तेच.

शिवाय एक गंमत, रेफरल म्हणजे पाठवण्याची क्रियाही आणि पाठवलेला माणूसही. इंग्रजीत डॉक्टर म्हणतो 'आज दहा रेफरल्स आले', त्याचा अर्थ दहा पेशंट दुसरीकडून त्याच्याकडं आले. आणि आपली पोरं बोलताना 'डॉक्टरनं मला रेफर दिला' म्हणतात, ते इंग्रजीत चालत नाही, रेफर हे नाम नाही. डॉक्टर रेफरल देतो नाहीतर पेशंटला रेफर करतो.

स्पेलिंगचं पण सांगून टाकतो कारण दर वर्षी पेपर तपासताना हेच चुकलेलं बघतो. रेफरलमध्ये आर डबल, रेफरन्समध्ये सिंगल. कारण उच्चाराचा जोर. रे-फर असं म्हणताना जोर शेवटी 'फर'वर येतो, तो रेफर्ड, रेफरिंग, रेफरल यात तिथंच राहतो म्हणून आर डबल होतो. रेफरन्स म्हणताना जोर उडी मारून सुरुवातीच्या 'रेफ'वर जातो, मग आर एकटाच. आणि रेफरी? त्यातही आर सिंगल, जोर शेवटच्या 'री'वर. रेफरी म्हणजे ज्याच्याकडं भांडण नेऊन पोचवायचं तो. तुमच्या काकांच्या मॅचचं उत्तर यातच आलं.

थर्ड_अंपायर

सर भारी. काकांचं मी सांगतो. आता ज्याला डीआरएस म्हणतेत त्याची पहिली ट्रायल २००८ मधी आपल्या श्रीलंका दौऱ्यात झाली, टेस्टमधी, तेव्हा त्याला रेफरल सिस्टीमच म्हणायचे. मैदानातला निर्णय उचलून वर टीव्हीपाशी बसलेल्या अंपायरकडं द्यायचा म्हणून रेफरल. मग आयसीसीनं नोव्हेंबर २००९ ला न्यूझीलंड-पाकिस्तान टेस्टपासून अधिकृत सुरू केलं आन नाव रिव्ह्यू पडलं. पण आमच्याकडं चावडीवर आजून बी रेफरलच चालतं. काका बरोबर हायेत, फक्त अपडेट मारला नाही त्यांनी.

गोदाकाठची_ताई

जिंतूरकर दादा, मी नांदेड जिल्ह्यात आरोग्य खात्यात आहे, आशांचं काम बघते, त्यामुळं हा शब्द आमच्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा असतो पण त्याचा अर्थ काय हे कुणी विचारलं नव्हतं कधी. सरांनी 'नेऊन पोचवणं' म्हणलं ते वाचून एकदम एक रात्र आठवली म्हणून लिहायले, लांब झालं तर माफ करा.

पावसाळा होता, तांड्यावरची एक बाई, दुसरं बाळंतपण, पाय सुजलेले. आशाताईनं उपकेंद्रावर आणलं, बीपी बघितलं तर १६० च्या वर. आमच्याकडं रचना अशी असते की पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, तीस हजाराला पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा, जिल्हा, मेडिकल कॉलेज. यातल्या काही दवाखान्यांना एफआरयू म्हणजे फर्स्ट रेफरल युनिट म्हणतात, तिथं चोवीस तास सिझर होऊ शकलं पाहिजे, बाळाला बघायची सोय पाहिजे आणि रक्त साठवायची सोय पाहिजे, या तिन्ही असतील तरच ते नाव. तर नर्सबाईनं इंजेक्शन दिलं, १०८ ला फोन केला आणि गाडी येईस्तोवर कंदिलाच्या नाही पण मोबाईलच्या उजेडात रेफर चिठ्ठी लिहिली. नाव, वय, कितवं बाळंतपण, बीपी किती वाजता किती, लघवीत प्रोटीन, कोणतं इंजेक्शन किती डोस किती वाजता कोणत्या बाजूला, का पाठवलं, कुणी पाठवलं, सही. ती चिठ्ठी लोह गोळ्यांच्या रिकाम्या प्लास्टिक पाकिटात घातली आणि आशाताईनं पदराखाली धरली, पाऊस चालू होता ना.

पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनी ती चिठ्ठी वाचली आणि पहिला प्रश्न काय विचारला, "दुसरा डोस द्यायची वेळ किती राहिली?" बस. पेशंटला काही विचारायची गरजच पडली नाही, ती बोलायच्या स्थितीत पण नव्हती. हे रेफरल.

आणि याच्या उलट पण बघितलंय हो. एका ठिकाणी, नाव नाही घेत, पेशंटला नुसतं तोंडी सांगितलं "इथं होणार नाही, पुढं घेऊन जा". कुठं पुढं? काय दिलंय? काहीच नाही. नातेवाईक जीप करून दोन दवाखाने फिरले. रजिस्टरला मात्र 'रेफर्ड' अशी नोंद. माझ्या मते ते रेफरल नव्हतंच, ते हाकलणं होतं.

मन्याडचं_पाणी

ताई 🙏 ती बाई बरी आहे का पण?

गोदाकाठची_ताई

हो, मुलगी झाली, आता अंगणवाडीत जाती.

लातूर_ते_लीड्स

ताईंचं 'ते हाकलणं होतं' हे वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी मूळची लातूरची, आता इंग्लंडमध्ये एका डॉक्टरांच्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर काम करते. इथं 'पुढं जा' सांगण्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत आणि त्या दोन्हींत गल्लत केली की आमची मॅनेजर डोळे वटारते. एक रेफरल आणि दुसरा साइनपोस्टिंग. साइनपोस्ट म्हणजे रस्त्यावरची पाटी, 'औसा २०' वाली. पाटी रस्ता दाखवते, सोबत येत नाही. तर कुणी फोन केला की घरभाड्याचं टेन्शन आहे, झोप लागत नाही, आणि मी त्याला सल्ला देणाऱ्या संस्थेचा नंबर दिला, तर ते झालं साइनपोस्टिंग. तो फोन करेल नाहीतर नाही करणार, माझं काम संपलं. पण मी जर त्याची परवानगी घेऊन त्याची माहिती कॉम्प्युटरवरून पुढं पाठवली आणि तिकडून त्याला फोन आला तर ते रेफरल.

नुसता शब्दाचा खेळ वाटेल पण याच्यावर पैसे आणि वेळ दोन्ही ठरतात. इथं स्पेशालिस्टकडं सरळ जाता येत नाही, घरच्या डॉक्टरनं रेफरल द्यावं लागतं, आणि सरकारी १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हायचं जे उद्दिष्ट आहे त्याचं घड्याळ रेफरल पोचल्यापासून चालू होतं. (१८ आठवडे पाळले जातात का ते विचारू नका, माझ्या स्वतःच्या गुडघ्याचं अजून चालूच आहे.) पाटी दाखवली तर घड्याळच नाही. अजून एक, २०२४ च्या जानेवारीपासून इंग्लंडमध्ये घसा, कान, कीडा चावणं अशा सात तक्रारींसाठी मेडिकलवाला फार्मासिस्टच औषध देऊ शकतो. त्या सातसाठी सरळ दुकानात गेलं तरी चालतं. पण बाकीच्या किरकोळ दुखण्यांसाठी आम्ही रीतसर रेफरल पाठवलं तरच फार्मासिस्टला तपासणीचे पैसे मिळतात, नुसतं "जा की कोपऱ्यावरच्या दुकानात" म्हणलं तर तो बिचारा फुकट तपासतो. आमच्या शेजारचा फार्मासिस्ट त्यावरून रोज कुरकुरतो आणि खरं सांगू, त्याचं बरोबर आहे.

इंग्रजीवाले सर, अंबाजोगाई

वा, हे साइनपोस्टिंग मला पण नवीन. भाषण करताना 'आता मी तीन मुद्दे सांगणार' असं आधी बोलतात त्याला साइनपोस्टिंग म्हणतात एवढंच ठाऊक होतं. पाटीच ती पण.

माजी_सैनिक_बीड

आमच्या पेन्शनरांना विचारा रेफरल काय असतं. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, तिच्या पॉलिक्लिनिकचं रेफरल हातात असलं तर पॅनलवरच्या दवाखान्यात कॅशलेस, नसलं तर इमर्जन्सी सोडून काउंटरवर उभं राहा आणि खिसा चाचपा. ईएसआयवाल्या कामगारांचं पण जवळपास असंच. कागद आहे तर तुम्ही आहात. जय हिंद.

काळी_माती

सगळे गोड गोड बोलायले म्हणून मी कडू बोलतो. रेफरलचा आजून एक अर्थ हाय तो कुणीच सांगितला नाही, कट. ह्या लॅबला जा, त्या स्कॅन सेंटरला जा, आमची चिठ्ठी दाखवा. ती चिठ्ठी पेशंटसाठी नसती, हिशोबासाठी आसती. माझ्या वडलाचं एकच स्कॅन दोन ठिकाणी दोनदा काढलंय, कुठं ते सांगत नाही.

गोदाकाठची_ताई

दादा खोटं नाही म्हणणार मी. पण तो नियमभंगच आहे हे लिहून ठेवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत ६.४ मध्ये स्पष्ट आहे की पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरनं कमिशन द्यायचं नाही आणि घ्यायचं पण नाही. महाराष्ट्रात २०१७ ला कट प्रॅक्टिसच्या विरोधात वेगळ्या कायद्याचा मसुदा पण केला होता सरकारनं. सगळ्या चिठ्ठ्या तशा नसतात पण, एवढंच.

नांदेड_टू_हिंजवडी

दवाखाना बास, आता माझा नंबर. जिंतूरकर भावा तुझा फॉर्म मी समजावतो कारण आमच्याकडं रोज हेच असतं. कंपनीच्या फॉर्ममधलं रेफरल म्हणजे त्या कंपनीत आत्ता काम करणारा कुणीतरी जो आतून सांगतो की ह्या पोराला बोलवा. म्हणून एम्प्लॉयी आयडी मागतात. पोरगं लागलं आणि काही महिने टिकलं की बऱ्याच कंपन्या त्या माणसाला बोनस देतात, म्हणून शाळेतले जुने दोस्त अचानक "कसा आहेस भावा, सीव्ही पाठव की" करायला लागतात. रेफरन्स मात्र वेगळा, तो बाहेरचा, तुझ्याबद्दल चांगलं बोलणारा, तिथं तुझे सर एकदम फिट. शालार्थ आयडी वाचून मी ऑफिसात इतका हसलो की लीडनं विचारलं काय झालं 😂 सरांना सांग त्यांचा रेफरल बोनस बाकी आहे.

ॲपमधला रेफरल कोड पण तेच, आतला माणूस बाहेरच्याला आणतो आणि कोड म्हणजे त्यानं आणलं याची खूण. वेबसाइटवाले रेफरल ट्रॅफिक म्हणतात ते पण, दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेली गर्दी. लीड्सवाल्या ताईची पाटी आमच्याकडं लिंक झाली, आणि पत्ता बदलला म्हणून साइट तुला आपोआप दुसरीकडं नेऊन सोडते ते रीडायरेक्ट, ३०१ म्हणजे कायमचं हललो, ३०२ म्हणजे तात्पुरतं.

आणि सर, स्पेलिंगवरून एक किस्सा तुमच्यासाठी. ब्राउझर साइटला सांगतो की हा माणूस कुठल्या पानावरून आला, त्या माहितीच्या ओळीला हेडर म्हणतात आणि या हेडरचं नाव रेफरर. पण ते ठरवताना ज्यानं लिहिलं त्याच्याकडून एक आर राहून गेला, १९९६ ला ते तसंच आरएफसी १९४५ (हा नंबर आहे, साल नाही) या वेबच्या नियमांच्या कागदात छापलं गेलं, आणि तोवर इतक्या ठिकाणी वापरात आलं होतं की दुरुस्त करणं अशक्य. आज जगातला प्रत्येक ब्राउझर ती चूक घेऊन फिरतोय. नंतर रेफरर पॉलिसी नावाचं दुसरं हेडर आलं त्यात स्पेलिंग बरोबर आहे, म्हणजे एकाच घरात दोन स्पेलिंगं.

इंग्रजीवाले सर, अंबाजोगाई

हे मी उद्या वर्गात सांगणार. आणि मार्क तरीही कापणार.

जिंतूरकर

सगळ्यांचे लै लै आभार, डोक्यातला किडा आर्धा मेला. म्हणजे रेफरन्सला नाव लागतं, रेफरलला माणूस हलावा लागतो, आन साइनपोस्टिंगला नुसतं बोट दाखवलं तरी भागतं. आता मराठीचं सांगा. 'पाठवणी' कसं वाटतंय?

गोदाकाठची_ताई

अहो दादा, पाठवणी लेकीची असती! दवाखान्याच्या दारात पाठवणी म्हणल्यावर नातेवाईक रडायलाच लागतील.

मन्याडचं_पाणी

तहसीलवाले 'वर्ग केले' म्हणतात. अर्ज अमुक कार्यालयाकडं वर्ग केला. पेशंट वर्ग केला म्हणा.

लातूर_ते_लीड्स

वर्ग केला म्हणलं की तो अर्ज परत कधी दिसत नाही हा माझा अनुभव आहे, नको.

इंग्रजीवाले सर, अंबाजोगाई

सरकारी मराठीत 'संदर्भ सेवा' आहे. नाशिकला आणि अमरावतीला जी मोठी सुपर स्पेशालिटी रुग्णालयं आहेत त्यांचं नावच 'विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय'. पहिल्यांदा नाशिकला ती पाटी बघून मला वाटलं इथं संदर्भग्रंथ मिळतात. रेफरन्सलाही संदर्भ आणि रेफरललाही संदर्भ, म्हणजे इंग्रजीनं जे दोन शब्द वेगळे केले ते आपण परत एकात घातले. नाशिकची माणसं बाकी सरळ 'संदर्भला ॲडमिट आहे' म्हणतात, तो शब्द त्यांनी पचवलाय.

दरवाजांचं_शहर

संभाजीनगरहून. सर तुम्ही वर 'हवाला' हा शब्द वापरला, तोच पकडतो. आमचे आजोबा निजामाच्या काळात कचेरीत कारकून होते, दफ्तर सगळं उर्दूत, त्यामुळं घरात हे शब्द जिवंत राहिले. उर्दूत हवाला म्हणजे रेफरन्स. मराठीत पण आपण कायद्याचा हवाला देतो. पण त्याच मुळातून 'हवाली करणं' आहे, पोलिसांच्या हवाली केलं, म्हणजे हातात नेऊन दिलं. एक नाव घेणं आणि एक सोपवणं, दोन्ही एकाच मुळातून, अगदी सरांच्या लॅटिनसारखं. अरबीत तर दवाखान्याच्या रेफरलला आजही इहाला म्हणतात, तेच मूळ. माझा भाऊ रियाधला नर्सिंगला आहे, त्याच्या रोजच्या कामातला शब्द. आता पेशंटला 'हवाली केलं' म्हणावं असं मी म्हणत नाही, आरोपी वाटेल तो. आणि हवाला म्हणावं तर ईडी येईल.

काळी_माती

😂😂 ईडी

माजी_सैनिक_बीड

एवढं कशाला. आमच्या आईला कधी इंग्रजी आलं नाही. ती म्हणायची "डॉक्टरनं घाटीची चिठ्ठी दिली." घाटी म्हणजे संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना. झालं की.

गोदाकाठची_ताई

फौजी काका, बरोबर बोललात. आमच्या आशा पण कागदावर रेफरल लिहितात आणि तोंडानं चिठ्ठीच म्हणतात. "चिठ्ठी दिली का?" एवढंच विचारलं की सगळं आलं त्यात. आणि ज्याला चिठ्ठी नाही त्याला आम्ही म्हणतो "मोकळाच आला".

इंग्रजीवाले सर, अंबाजोगाई

चिठ्ठी. मान्य. मोकळाच आला हे साइनपोस्टिंगवाल्यांना लागू.

जिंतूरकर

मग आमच्या सरांनी दिली ती चिठ्ठी नव्हती, हवाला होता. बरं अपडेट, नांदेड-हिंजवडी भावानं मेसेज केलाय, त्याच्या कंपनीत जागा निघाली तर खऱ्या आयडीवाली चिठ्ठी देतो म्हणालाय. सीव्ही पाठवलाय. सरांना बी फोन केला, ते म्हणले आता तरी माझं नाव रेफरन्समधी टाक, आयडी पाहिजे का?

गोदाकाठची_ताई

हे सगळं वाचून मी आत्ता आमचं चिठ्ठीचं छापील पुस्तक उघडून बघितलं. दर पानावर मोठ्या अक्षरात रेफरल स्लिप, आणि सर, आर एकच आहे. स्टोअरवाल्या भाऊंना सांगितलं तर म्हणाले ताई एवढी पुस्तकं संपू द्या, मग बघू. खोलीत अजून दोन खोकी शिल्लक आहेत.